लालकड्याची वाट

रविवारी सकाळी सव्वासात वाजता खैरीघाटावरून नाव सुटली. नावेत चार माणसं होती. मागे मोटरीपाशी रुपराव नान्हे, पुढे त्यांची सून गोपिका, आणि मधल्या फळीवर नागपूरहून आलेल्या दोघी, माया गजभिये आणि त्यांच्या आई मीराबाई.

घाट कुही तालुक्यातला. समोर धरणाचं पाणी, आणि ते इतकं पसरलेलं की नोव्हेंबरच्या धुक्यात पलीकडचा काठ दिसतच नाही. नागपूरचा माणूस इथे पहिल्यांदा आला की ठरलेलं वाक्य बोलतो, "अरे, हा तर समुद्रच झाला!" गावातले लोक ते ऐकून घेतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे हो किंवा नाही म्हणायची सोय नाही.

माया गजभियेंचं नागपुरात इंदोऱ्याला छोटंसं ऑफिस होतं. एक कुटुंब, एक गाडी आणि दिवसभर सोबत एक वाटाड्या अशा सहली त्या काढत. रामटेक झालं, जंगल झालं; आता गिऱ्हाईकं विचारत होती, किनारा कुठे मिळेल? कोकणात जायला सुट्टी पुरत नाही, सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल असा किनारा पाहिजे. कोणीतरी त्यांना खैरीघाटचं नाव सांगितलं. मायाताई ऐकीव गोष्टीवर जाणाऱ्या नव्हत्या. गिऱ्हाईक म्हणूनच येते, आईलाही आणते, दिवसभर जे पाहुण्यांना दाखवाल तेच मला दाखवा, असं त्यांनी फोनवर सांगितलं. पसंत पडलं तर हिवाळ्यातला प्रत्येक रविवार गोपिकाचा.

गोपिकासाठी तो रविवार म्हणजे सगळंच होतं. नाव बचत गटाच्या बायकांनी मिळून घेतलेली. नागपूरला जाऊन गाईडचं प्रशिक्षण तिनं एकटीनं केलेलं, तेही नवरा बुटीबोरीला कामाला असताना, घरचं, मासळीच्या टोपल्यांचं सांभाळून. गावात त्या प्रशिक्षणाची थट्टा झाली होती. "पाणी दाखवाले शिकून आली," असं बायाबापड्या एकमेकींना सांगत. मायाताईंनी नाही म्हटलं असतं, तर नाव मासळीच्या क्रेट वाहायला लागली असती आणि गोपिका पुन्हा टोपलीमागे.

उघड्या पाण्यात ती स्वतः नाव चालवायची. उन्हाळ्यात शिकली होती. पण रविवारच्या बेतातली सगळ्यात देखणी जागा लालकडा, आणि तिथे जायची वाट बुडालेल्या झाडांच्या खुंटांतून होती. धरण भरलं तेव्हा तोडायची राहून गेलेली ती झाडं. काही पाण्याच्या वर, काही वीतभर खाली. ती वाट गावात मोजक्या म्हाताऱ्यांना ठाऊक, आणि त्यांत पक्की रुपरावांना. म्हणून मोटरीपाशी सासरे.

गोपिकानं आदल्या बुधवारी त्यांना सगळा बेत सांगितला होता. सकाळी काठाकाठानं, दुपारी बेटावर जेवण, मग लालकडा. रुपराव म्हणाले होते, "बरं."

रुपरावांचं "बरं" म्हणजे होकार नव्हे, ऐकल्याची पोच, हे ती त्या गडबडीत विसरली.

नाव काठाला समांतर चालली. धुकं विरायला लागलं. मीराबाई सत्तरीच्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. घाटावर उतरल्याबरोबर त्यांनी रुपरावांना जय भीम घातला होता, रुपरावांनीही जय भीम म्हणून हात जोडले होते, आणि तेवढ्यावर दोघांची ओळख झाली होती.

"माह्या पोरीनं मले समुद्र दाखवाले मुंबईले नेलं होतं," मीराबाई सांगत होत्या. "समुद्र दिसलाच नाही. माणसंच दिसली."

"इथं माणसं नाही दिसणार, आई," गोपिका म्हणाली.

"मग काय दिसंन?"

गोपिकानं प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे तळहात उघडा करून काठ दाखवला. धानाची कापणी झालेली शेतं, काठावर उतरलेले बगळे, उताराला चिकटून बसलेलं नव्या वस्तीचं बौद्धविहार, त्याच्या पुढे मारुतीचं देऊळ. ती नीट सांगत होती, पाठ केलेलं वाटू नये इतकं सहज. मायाताई ऐकत होत्या, मधूनच फोटो काढत होत्या. पण त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता.

तेवढ्यात मीराबाईंनी दूर बोट केलं. "ते काय आहे गा भाऊ? तिकडं, पाण्याच्या पल्याड, काळं काळं?"

रुपरावांनी मान न वळवता उत्तर दिलं, "काही नाही जी."

"काही नाही कसं? हलून राहिलं ना."

"पाखरं असतीन."

"कोणती पाखरं?"

"असतीन कोणतीतरी. पाखराले नाव कायले पायजे?" रुपराव म्हणाले, आणि मग जरा नरमाईनं, "बोट नका करू जी पाण्याकडं."

मीराबाईंनी बोट मिटलं. पण नजर तिथेच ठेवली. ती जागा म्हणजे लालकडा. नाव तिच्यापासून दूर वळत चालली होती.

काय होतंय ते गोपिकाला त्या क्षणी उमगलं, आणि हे आधी कसं सुचलं नाही याचाच तिला राग आला.

धिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, धंद्यात लपवणं हे अर्धं कसब. टोपली काठोकाठ भरलेली असो, "किती मिळाली?" असं कोणी विचारलं की उत्तर एकच, "काही नाही." पाण्याकडे बोट करायचं नाही. बोट केलं की मासा जातो असं म्हातारे सांगतात. खरं म्हणजे बोट केलं की दुसरा माणूस येतो. आपसात वाट सांगायची तर हनुवटीनं, तीही जराशी. खैरीघाटाच्या मच्छीमार सोसायटीत तर याला नियमाचं रूप होतं. जाळ्याची जागा बाहेरच्याला दाखवली, तर दाखवणाऱ्याचा डोंगा, म्हणजे त्याची मासेमारीची होडी, काठावर पालथा घालायचा आणि मीटिंगनं सोडवेपर्यंत त्यानं पाण्यात पाय घालायचा नाही. गोपिकानं असा डोंगा पालथा झालेला आयुष्यात एकदाच पाहिला होता. त्या घरची बाई आठवडाभर बाजारात मान वर करून बसली नव्हती.

आणि मासा जिथे, पाखरं तिथे. पाखरं जिथे, तिथेच पाहण्यासारखं सगळं. रुपराव सकाळपासून नागपूरच्या पाहुण्यांना मोठ्या काळजीनं, एकेक वळण टाळून, काहीच नसलेल्या पाण्यातून फिरवत होते.

चहाला नाव काठाला लागली, तेव्हा गोपिका रुपरावांजवळ गेली.

"मामाजी, आपण लालकड्यापासून लांब काहून जाऊन राहिलो?"

"तिकडं खुंटं आहेत."

"खुंटं तर कालही होते. म्हणूनच तुम्हाले बसवलं ना मोटरीवर."

रुपरावांनी विडी काढली, पेटवली नाही. "पाव्हण्याईले फिरवायचं म्हणाली तू. फिरवून राहिलो. जेवण देऊ, वापस नेऊ. अजून काय पायजे?"

"दाखवायचं असते, मामाजी. त्याचेच तर लोक येतात."

"दाखवते भैताड, येडा माणूस," रुपराव म्हणाले. रागानं नाही, शेतातल्या एखाद्या गोष्टीची माहिती द्यावी तसं.

बेटावर जेवण झालं. बेट म्हणजे पाणी चढल्यावर उरलेला टेकडीचा माथा. जिजाबाईंनी पहाटेच येऊन तिथे चूल मांडली होती. त्या बचत गटातल्या सगळ्यात थोरल्या. झिंग्यांचा रस्सा, नव्या तांदळाचा भात, जवसाची चटणी, भाजलेली मरळ. मीराबाईंनी दोनदा भात घेतला. मायाताईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि गोपिकाला जरा बाजूला बोलावलं. बाजूला म्हणजे दहा पावलं. रुपराव तिथेच वाकून ताटं विसळत होते.

"गोपिकाताई, स्पष्ट बोलू?"

"बोला ना."

"जेवण एक नंबर. नाव स्वच्छ. तुम्ही बोलता चांगलं, माझ्या दोन जुन्या गाईडपेक्षा चांगलं. पण दिवसभराच्या सहलीसाठी इथे पाहायला काही नाही." त्या थांबल्या. "पाणी आहे, पण ते नागपूरच्या फुटाळा तलावातही आहे. मी फार तर जेवणापुरतं ठेवीन, अर्धा दिवस. तेही पाहू."

गोपिकानं "हो" म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार? ताटं विसळण्याचा आवाज मात्र थांबला होता.

सगळे नावेकडे निघाले तेव्हा पाण्यावरून नत्थू चाचेरेंची नाव आली. नत्थू सोसायटीचे अध्यक्ष, रुपरावांच्याच वयाचे, लहानपणी दोघं एका डोंग्यात वाढलेले. एकमेकांना टोचल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

"काय गा रुपराव! काय दाखवून राहिला पाव्हण्याईले?"

"काही नाही," रुपराव सवयीनं बोलले.

"हाव! तुह्याजवळ आहेच काय दाखवाले!" नत्थू हसले. "सून मालकीण अन् सासरा डायवर. मजा आहे बावा तुही."

एरवी रुपरावांनी याला दामदुप्पट उत्तर दिलं असतं. आज त्यांनी फक्त ताटांची पाटी उचलली.

गोपिकानं ते पाहिलं. मग ती सरळ जाऊन मागे मोटरीपाशी बसली.

"तिथं मी बसतो," रुपराव म्हणाले.

"आता मी बसते, मामाजी. तुम्ही पुढं बसा."

"कुठं नेतं?"

"लालकड्याले."

"खुंटातनं तुले जमत नाही."

"मग तुम्ही सांगा मले वाट. नाही सांगितली तर खुंटावर चढीन." तिचा आवाज चढला नाही, पण जिजाबाईंनी चूल विझवता विझवता मान वर केली. "नाव बायकांची आहे. फुटली तर त्या मले विचारतीन, तुम्हाले कोणी विचारत नाही."

मग ती पाहुण्यांकडे वळली. "मॅडम, अजून एक जागा राहिली आहे. वाट अवघड आहे, हे आधीच सांगते. अंगावरचं लाइफ जॅकेट काढू नका. यायचं का ते तुम्ही ठरवा. मनात नसेल तर सरळ घाटावर नेते."

मायाताईंनी आईकडे पाहिलं. मीराबाईंनी जॅकेटचा पट्टा आवळला. "चाल वं. सकाळपासून त्या काळ्या पाखराईचं नाव विचारून राहिली मी. कोणी सांगत नाही."

रुपराव पुढे जाऊन बसले, पाठ सगळ्यांकडे करून.

खुंटांची हद्द सुरू झाली तिथे गोपिकानं मोटर बंद केली, पातं वर घेतलं आणि लांब बांबू हातात घेऊन उभी राहिली. इथून पुढे बांबूनं रेटायचं. पाणी काळसर आणि निवांत होतं. खुंट वर आलेले दिसत होते. न दिसणाऱ्यांचीच भीती. रुपरावांची मान किंचित डावीकडे झाली. हनुवटीची खूण. तिनं डावीकडे रेटलं. मग उजवीकडे, मग पुन्हा उजवीकडे. एक खुंट नावेच्या कडेला हात लावता येईल इतक्या जवळून गेला. मायाताईंनी फळी घट्ट धरली.

वाट पश्चिमेकडे वळली आणि घोळ झाला. उन्हं उतरली होती. समोरचं सगळं पाणी लखलखत होतं आणि त्या लखलखाटात रुपराव म्हणजे नुसती काळी आकृती. हनुवटी कुठे हलते ते दिसेना.

"मामाजी, दिसत नाही!"

आकृती हलली असावी. तिला कळलं नाही. नाव हळूहळू पुढे सरकत होती. खालून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, लांबलचक, आणि नाव कलली. मीराबाईंच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. गोपिकानं बांबू रोवून नाव थोपवली. तळ खुंटावरून सुटला.

"मामाजी, मले तुमची हनुवटी दिसत नाही. हात करा!"

मागे, खुंटांच्या तोंडाशी, नत्थूंची नाव येऊन थांबली होती. कुठे चाललेत हे बघायला ते मागोमाग आले असणार. रुपरावांनी वळून एकदा त्यांच्याकडे पाहिलं. एकदा सुनेकडे पाहिलं.

मग त्यांनी उजवा हात उचलला आणि पाण्याकडे बोट केलं.

सरळ, लांब केलेलं बोट, लखलखाटावर काळं आणि स्पष्ट. "इकडं." बोट फिरलं. "आता असं. थांब. दम धर. या दोहीच्या मधातनं." सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या त्या माणसाचा आवाज मोठा होत गेला. "रेट! रेट वं! भेऊ नोको, खाली पाणी आहे, आता काही लागत नाही!"

तिनं रेटलं. शेवटचे दोन खुंट बाजूला गेले आणि नाव वळून, ऊन पाठीवर घेत, मोकळ्या पाण्यात आली.

लालकडा समोर होता. तांबड्या दगडाची भिंत सरळ पाण्यात उतरलेली, थरावर थर, जशी धानाची पोती रचावीत. उतरत्या उन्हानं ती आतून तापल्यासारखी दिसत होती. प्रत्येक कपारीत पाणकावळे, पंख पसरून वाळवत बसलेले. पायथ्याशी मातीची चिंचोळी पट्टी, आणि तिच्यावर नारिंगी रंगाच्या चक्रवाकांची रांग, जी नावेला पाहून उडाली नाही, नुसती दोन पावलं सरकली. पाणी इथे हिरवं होतं आणि स्तब्ध. मधूनच मोठा मासा वर येई, वळे आणि जाई, आणि त्याची वर्तुळं कड्याला लागून परत येत.

मायाताईंनी फोन वर उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

"पाणकावळे," रुपराव मीराबाईंकडे वळून म्हणाले. "काळे काळे म्हणत होते ना तुम्ही. पाणकावळे. अन् ते चकवा-चकवी. थंडीचे येतात, बाहेरून."

"सकाळपासून काही नाही, काही नाही करून राहिले होते ना भाऊ तुम्ही?"

"सकाळी तुम्ही पाव्हण्या होत्या."

"अन् आता?"

"आता साक्षीदार आहा."

मीराबाई हसल्या, आणि रुपरावांनी मग जे बोलायला सुरुवात केली ते गोपिकानं घरातही कधी ऐकलं नव्हतं. "धरण व्हायच्या आधी इथं नदीचा वाक होता. माह्या बापानं इथं जाळं टाकलं, त्याच्या बापानं टाकलं. पाणी चढलं तवा सारे म्हणे, नदी गेली. कुठं गेली? इथंच आहे. खाली वाहून राहिली, आपल्या नावेच्या खालून. वरचं पाणी सरकारचं असंन. खालची वाट मले माहीत आहे." त्यांनी छातीवर हात ठेवला. "रोहू, कतला, मरळ, सारं इथं. पुऱ्या कुही तालुक्यात असं पाणी दाखव म्हणा कोणाले."

मायाताईंनी हळूच विचारलं, "गोपिकाताई, हे लोकांना दाखवलं तर चालेल?"

उत्तर गोपिकानं द्यायचं होतं. ते रुपरावांनी दिलं. "ते तिले विचारा. नाव तिनं आणली इथं."

वास्तविक अर्धं श्रेय त्यांचं होतं. पण गोपिकानं ते वाटून घ्यायची घाई केली नाही. ती बांबू धरून नावेच्या मागे उभी होती, हात अजून दुखत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण उभ्या आहोत ती जागा आपलीच आहे.

परतताना सूर्य पाठीमागे होता. खुंट स्पष्ट दिसत होते, रुपरावांना एकदोनदाच बोलावं लागलं. नत्थूंची नाव अजून तिथेच होती. नत्थू हसत नव्हते.

रुपरावांनी नाव थांबवायला सांगितलं नाही. जाता जाता फक्त आवाज दिला, पलीकडच्या काठावरही ऐकू जाईल असा. "नत्थू, पाहून घे! माही सून खुंटातनं नाव काढून राहिली. तुह्या घरात आहे का कोणी?"

नत्थूंनी आपली नाव वळवली.

सोमवारी सकाळी रुपरावांचा डोंगा घाटावर पालथा होता. रात्री कोणी घातला ते विचारायचं नसतं. रुपराव दात घासत घाटावर गेले, डोंग्याला एक प्रदक्षिणा घालून आले आणि चहाला बसले. गोपिकाच्या सासूबाई रडवेल्या झाल्या. रुपराव म्हणाले, "बरोबर घातला. दाखवलं ना मी. मीच दाखवलं." हे त्यांनी त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं, न विचारतासुद्धा. चहाच्या टपरीवर सांगितलं, पिठाच्या गिरणीवर सांगितलं. तिसऱ्या वेळी सांगताना खुंट आणखी दाट झाले होते आणि सून आणखी धीट.

प्रश्न उरला बचत गटाच्या नावेचा. सोसायटीतले काही जण म्हणाले, तीही पालथी घाला, गुन्हा तिच्यातूनच झाला. जिजाबाई नावेत जाऊन बसल्या आणि निवडायची भाजी तिथेच मागवून घेतली. नाव बायकांची, बायका सोसायटीत नाहीत, मग सोसायटीचा नियम नावेला कसा? नाव तशीच सरळ राहिली. अशी वेळच पूर्वी आली नव्हती.

संध्याकाळी नत्थू स्वतः गोपिकाकडे आले. ओट्यावर बसले, पाणी घेतलं.

"पोरी, तुह्यावर माहा राग नाही. पण विचार कर. आज दोन बाया आल्या. उद्या गाडीभर येतीन. त्याईच्या फोनातनं फोटो जातीन. मांगून बाहेरचा ठेकेदार येईन मोठं जाळं घेऊन. मग रुपराव काय खाईन अन् मी काय खाईन?"

गोपिकाला हे खोटं म्हणता आलं नाही. शेजारच्या एका तलावाचं असंच झालेलं तिला माहीत होतं. "काका, मी मीटिंगले येऊन बोलते," एवढंच ती म्हणाली.

"बाया येत नाहीत मीटिंगले."

"तेच म्हणते."

बुधवारी मायाताईंचा फोन आला. पुढच्या रविवारी एक कुटुंब येतंय, नागपूरचंच. लालकडा पाहिजेच, फोटो बघूनच त्यांनी ठरवलंय. हिवाळ्याचे बाकीचे रविवारही त्यांनी तिच्यासाठी राखून ठेवले होते, पण पहिला नीट पार पडला तरच. "रुपरावभाऊ असतील ना?" त्यांनी विचारलं.

"नाव मी आणीन," गोपिका म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती घाटावर गेली. मीटिंग शनिवारी संध्याकाळी होती. तोवर रुपरावांनी पाण्यात पाय घालायचा नाही. मीटिंगनं सोडवलं नाही तर रविवारीही नाही. आणि खुंटांतून ती एकदाच गेली होती, तेही दुसऱ्याच्या सांगण्यानं.

गुरुवारी सकाळी ती रिकामी नाव घेऊन निघाली. पुढे जिजाबाई. रुपराव काठावर उभे राहिले. खुंट घाटावरून दिसत नाहीत, तरी उभे राहिले. दुपारी नाव परतली तेव्हा डाव्या कडेचा रंग हातभर खरवडलेला होता. रुपरावांनी बोटानं ते चाचपून पाहिलं.

"तिसऱ्या वाकावर," ते म्हणाले.

"हाव."

"तिथं सारेच लागतात. मी तर डोंगाच फोडला होता." ते त्यांनी असं सांगितलं की जणू डोंगा फोडणं ही घराण्याची रीत होती.

शुक्रवारी ती पुन्हा गेली. परतल्यावर जिजाबाई घाटावर उतरल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एकही लागला नाही. पाहा कोणाले पाहायचं तर, हात फिरवून पाहा!" दोन-तीन पोरसवदा मच्छीमारांनी खरंच हात फिरवून पाहिला.

शनिवारी उन्हं कलल्यावर सोसायटीच्या शेडमध्ये मीटिंग बसली. बचत गटाच्या बायका दारात आल्या, जिजाबाई सगळ्यात पुढे.

"इथं बायाईचं काय काम?" मागून कोणीतरी म्हटलं.

"मासा विकाले काम आहे, मीटिंगले नाही?" जिजाबाई आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मग बाकीच्या आल्या. नत्थूंनी त्यांना उठा म्हटलं नाही, बसा असंही म्हटलं नाही.

रिवाजाप्रमाणे रुपरावांना उभं केलं. चुकलो म्हणायचं, नारळ द्यायचा आणि डोंगा सरळ करून घ्यायचा, अशी पद्धत. नारळ त्यांच्या हातात होता. सासूबाईंनी दिला होता.

"चुकलो म्हणत नाही," रुपराव म्हणाले. "दाखवलं. माही सून नेऊन राहिली होती अन् तिले दिसत नव्हतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा दाखवीन." त्यांनी नारळ जमिनीवर ठेवला आणि खाली बसले.

शेडमध्ये कालवा झाला. नत्थूंनी हात वर करून तो थांबवला आणि गोपिकाकडे पाहिलं. "तुले काही म्हणायचं आहे, म्हणे."

गोपिका उठली. तिनं एकेक करून अटी सांगितल्या. लालकड्याला फक्त गटाची नाव जाईल, दुसरी कोणाची नाही. पाहुणे कड्यापर्यंत जातील, जाळ्याच्या बाजूला नाही. जाळं टाकलेलं असेल त्या दिवशी जाणंच नाही. खुंटांच्या आधी सगळ्यांचे फोन बंद करून घेईन, म्हणजे वाट टिपली जाणार नाही; कड्यापाशी फोटो काढायचे तर जागेचं नाव न घालता. आणि वाट मी कोणाला शिकवणार नाही, सोसायटीला विचारल्याशिवाय. "काका म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. "ठेकेदाराची भीती मलेही आहे. पण पाणी चांगलं आहे हे लपवून आपण त्याले वाईट म्हणून राहिलो इतके दिवस. बाहेरचे लोक येऊन तेच म्हणतात आता. ते मले ऐकवत नाही."

एक म्हातारा म्हणाला, पोरगी बरोबर बोलते. दुसरा म्हणाला, आज एक नाव, उद्या दहा. तिसऱ्यानं विचारलं, फोन बंद केला की नाही हे पाण्यात कोण पाहायला जाणार? एका तरुणानं विचारलं, गटात पुरुष चालतात का? त्यावर हसू झालं, आणि हसू ओसरल्यावर पुन्हा भांडण.

चहा आला. कोणी उठलं नाही. बाहेर पालथ्या डोंग्यावर दोन बकऱ्या चढून बसल्या होत्या.

साडेसहाला गोपिकाचा फोन वाजला. मायाताईंचा संदेश होता: पाहुण्यांची गाडी पहाटे पाचला नागपुरातून निघेल, सातपर्यंत घाटावर. तिनं तो वाचला आणि फोन पदराखाली ठेवला. समोर नत्थू उभे राहिले होते आणि मताला हात कोणी कोणी वर करायचे, बायकांचे मोजायचे की नाही, यावर बोलणं सुरू झालं होतं.